भांड्यांच्या माळ्यावरचे हवालदार

हवालदार उजव्या हाताचा पंजा छातीपर्यंत उचलायचे आणि तसाच धरून ठेवायचे. वाहतूक अडवणाऱ्या पोलिसाचा असतो तसा ताठ नव्हे; लांबून कुणी हाक मारतंय का हे ऐकताना शेजारच्याला गप्प करायला आपण धरतो ना, तसा. मग म्हणायचे, “थांबा. टाळ्या मागनं. परत सांगा.”

हे ते कवीला म्हणत नसत. नुकतंच ज्यानं ‘व्वा’ म्हटलं, त्याला म्हणत. त्या माणसानं आत्ता ऐकलेल्या कवितेतली एक ओळ परत म्हणून दाखवायची. आली तर हवालदार म्हणायचे, “पोचली.” नाही आली तर, “न्हाई पोचली. पुढं.” तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता.

आमच्या कवींच्या बैठकीला तुम्ही कधी आला असाल तर तुमच्यावरही ही वेळ आलेली असेल. पलूसच्या पेठेत शौकतभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. खाली गिऱ्हाईक आणि वर लाकडी माळा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारचा बाजार थंडावला की या माळ्यावर आम्ही जमतो. शौकतभाई स्वतः मराठीत गझला लिहितात, म्हणून जागा मिळाली. चारी बाजूंना पातेली, परातींच्या चळती, एकात एक बसवलेले डबे. कवीचा आवाज फार चढला की वरच्या फळीवरची पातेली गुणगुणायला लागतात. नव्या कवीला ती दाद वाटते आणि तो अजून ओरडतो.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. ट्रॅक्टर येतो, ट्रॉली काट्यावर चढते, मी आकडा लिहितो. कविताही लिहितो. हवालदारांचं नाव मी इथे लिहीत नाही. निमंत्रणाच्या कागदावर एकदा आम्ही ते छापलं होतं, तर म्हणाले, “मी कविता लिवली का? मग माजं नाव कशापायी?” सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत. आपणही तेच म्हणू.

ते आमच्यात आले कुकरची रिंग घ्यायला.

जाधव सर त्या दिवशी नदीवरची कविता वाचत होते. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. वृत्तात लिहिणारे, एक मात्रा कमी पडली तर जेवण न जाणारे. कविता संपली, आम्ही टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोठ्यानं ‘व्वा’ म्हणालं. तेवढ्यात जिन्याच्या तोंडातून एक डोकं वर आलं. पांढरे बारीक केस, टोकदार मिशा. बाकीचा माणूस अजून खालीच होता. मग फळीच्या वर एक पंजा आला.

“काय म्हनालं ओ ते?”

“कविता म्हणालो,” जाधव सर म्हणाले.

“ते कळालं. तुमाला न्हाई इचारत. हे पाव्हनं व्वा म्हनालं न्हवं? काय ऐकलं ते परत सांगा म्हनतोय त्यास्नी.”

तो पाहुणा म्हणजे मी. मला एकही ओळ आठवेना. दाद तर मनापासून दिली होती, असं मला वाटत होतं. मी म्हणालो, “नदी... होती.”

“नदी हाय हे मला बी ठावं हाय. हितं ऱ्हायला आल्यापास्नं बघतोय. पुढं?”

पुढं काहीच नव्हतं. सगळे हसले. जाधव सर हसले नाहीत. मी मान खाली घातली, आणि खरं सांगायचं तर ती पुरती वर कधी आलीच नाही.

मग हवालदार दोन पायऱ्या वर चढले, हातात कुकरची रिंग, आणि त्यांनी आम्हाला समजावलं. ते सिग्नलमध्ये होते. म्हणजे वायरलेस सेटवर बसून निरोप घ्यायचे आणि द्यायचे. “निरोप आला की आमी तो पलीकडच्याला परत वाचून दावायचा. त्यो ओके म्हनला की मग पोचला. ऐकू आलं म्हंजे पोचलं न्हाई गड्या. हितं बर्फ, तितं वारं, मधी डोंगर. परत सांगितलं म्हंजे पोचलं.”

एवढं बोलून ते खाली उतरले. रिंग बदलायला घरी कुकर उघडा पडला होता. पण पुढच्या महिन्यात, सगळ्यांच्या आधी, ते माळ्यावर खुर्ची टाकून कवीच्या समोर बसलेले होते. कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही घालवलंही नाही. समोर बसून टक लावून ऐकणारा माणूस कवीला घालवता येत नाही.

असा तो नियम आमच्यात शिरला. पहिले काही महिने हाल झाले. कविता चालू असताना लोक तोंडातल्या तोंडात एक ओळ घोकत बसायचे, आपल्याला विचारलं तर असावी म्हणून. उंब्रजहून मोटारसायकलवर येणारा संदीप, तिशीतला, मोठमोठ्या शब्दांचा प्रेमी, त्यानं तर शक्कल लढवली. बरोबर एक मित्र आणला आणि वाटेतल्या चहाला त्याच्याकडून ओळ पाठ करून घेतली. कविता सुरू झाली, हवालदारांनी मध्येच पंजा उचलला आणि नेमकं त्या मित्राकडे बोट केलं. त्यानं घडाघडा ओळ म्हणून टाकली. ती ओळ संदीपनं अजून वाचलीच नव्हती.

हवालदार गंभीरपणे म्हणाले, “निघायच्या आधीच पोचली गड्या. अशी लाइन मी पलटणीत बी बघिटली न्हाई.”

पातेली गुणगुणली, एवढे आम्ही हसलो.

पण मला त्यांची जी आठवण सगळ्यात जवळची वाटते ती पुष्पाताईंच्या पहिल्या दिवसाची. पुष्पाताई अंगणवाडीत काम करतात. त्यांचा आवाज इतका बारीक की त्यांच्या कवितेला सुरुवात झाली हेच आम्हाला कळलं नाही. मागून दोघं-तिघं ओरडले, “मोठ्यानं! मोठ्यानं!” ताई गप्प झाल्या. कागद घडी करायला लागल्या. हवालदार उठले, स्वतःची खुर्ची उचलली, ताईंच्या पुढ्यात हातभर अंतरावर ठेवली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “त्या हळूच सांगनार. ज्याला ऐकायचं त्यानं पुढं सरका.”

आम्ही खुर्च्या ओढत पुढे सरकलो. शेवटी सगळे एवढे जवळ आलो की एकमेकांचे गुडघे लागत होते. ताईंनी वाचली. अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर बसताना रडणाऱ्या मुलाची कविता होती. वाचून झाल्यावर पंजा उचलायची गरजच पडली नाही, तिघांनी आपण होऊन ओळी म्हटल्या.

“पोचली,” हवालदार म्हणाले. “लाइन किलियर.”

तुम्ही का लिहीत नाही, असं त्यांना सगळेच विचारायचे. त्यावर एकच उत्तर. “मी लायनीवर हाय. लायनीवरच्यानं मधी आपला निरोप घुसडायचा नसतो.”

मूळचे ते वडूजकडचे. “तितं पानी न्हवतं म्हनून पलटणीत गेलो, हितं पानी हाय म्हनून सासरवाडीत ऱ्हायलो,” असं ते स्वतःच सांगत. सासुरवाडीत राहिल्याचा टोमणा दुसऱ्या कुणी मारायच्या आधी आपणच मारून मोकळे. त्यांच्या घरी मी वरचेवर जायचो. काकी, म्हणजे त्यांची बायको, गुडघ्यांमुळे माळ्यावर कधी आल्या नाहीत. पण बैठकीत काय झालं ते त्यांना सगळं ठाऊक असायचं. घरी जाऊन हवालदार त्यांना सगळं परत सांगत असणार.

काकींनीच मला एकदा बाजूला घेतलं. “ह्यास्नी सांगलीला कानाच्या डाक्टरकडं घिऊन जा रं बाबा. दूधवाला दार वाजवून वाजवून जातोय.”

“कधीपासून ऐकू येत नाही?”

“लगीन झाल्यापास्नं,” काकी म्हणाल्या. मग हसू आवरून, “न्हाई रं, चेष्टा न्हाई. औंदा लयच झालंय.”

मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. दवाखान्यात काचेची एक छोटी खोली होती. त्यात त्यांना बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि आवाज ऐकू आला की बोट वर करा असं सांगितलं. मी बाहेर होतो. आत हवालदार पाठ ताठ करून, मान किंचित पुढे काढून बसले होते. हेडफोन लावून ते असे किती वर्षं बसले असतील, कुठल्या कुठल्या चौक्यांवर. डॉक्टर बटण फिरवत होते. बोट मांडीवरच होतं. डॉक्टरांनी अजून फिरवलं. बोट हललं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, निरोपाची वाट बघणाऱ्या माणसाची सावध शांतता होती. काचेबाहेरून त्यांच्या वतीनं आपणच बोट वर करावं असं मला इतकं वाटलं की मी हात खिशात घातला.

दोन्ही कानांच्या शिरा सुकत चालल्यात, डॉक्टर म्हणाले. मशीन लावून बघा, पण फार आशा धरू नका.

मशीन त्यांनी माळ्यावर एकदाच लावलं, तेही मफलरच्या आड. खाली शौकतभाईंच्या नोकरानं डब्यांची चळत हलवली आणि हवालदार डोकं धरून खाली बसले. “सगळं दुकान मेंदूत सांडलं रं,” मला म्हणाले. बाकीच्यांना वाटलं चक्कर आली. मशीन खिशात गेलं ते परत निघालं नाही.

सांगलीहून परतताना आम्ही रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबलो होतो. मी त्यांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललो. “बैठकीत सांगून टाकू. सगळे समजून घेतील.”

“सांगायचं न्हाई.”

“का?”

“सांगितलं की काय व्हईल सांगू? समदी माज्याकडं बघून वरडतील. पुष्पीसुद्दा वरडंल. कविता काय वरडून सांगायची गोष्ट हाय का? आन् माज्यासाठी सोप्पी करतील. न्हाई. ह्यो निरोप फकस्त तुज्यापुरता. परत सांग.”

मी म्हणालो, “हा निरोप फक्त माझ्यापुरता.”

“पोचला,” ते म्हणाले आणि रसाचा ग्लास तोंडाला लावला.

त्यानंतरच्या बैठकीत त्यांनी आपली खुर्ची उचलली, कवीच्या अगदी पुढ्यात नेली आणि उलटी फिरवली. कवीकडे पाठ, ऐकणाऱ्यांकडे तोंड. आणि बसले.

जे मला माहीत होतं ते असं. त्यांना आता कविता ऐकू येत नव्हती, म्हणून ती ऐकणाऱ्यांच्या तोंडावर ते वाचत होते. कुणाची नजर स्थिर झाली, कुणाचा हात चाळा करायचा थांबला, कुणी खिडकीबाहेर बघतोय. मग पंजा उचलून एकाला विचारायचे, “परत सांगा.” तो ओळ म्हणायचा. बरोबर असली की मी पहिल्या रांगेतून मान हलवायची, एवढं आमचं ठरलेलं.

बाकीच्यांना मात्र एकच दिसत होतं. आपण कविता वाचतो आहोत आणि हवालदारांनी आपल्याकडे पाठ फिरवली आहे.

आता हे तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही, पण तुम्ही कवी असाल तर पटेल. आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की या माणसाला काही झालं असेल. प्रत्येकाला वाटलं, हा माझ्याच कवितेवरचा शेरा आहे. इतरांच्या वेळीही पाठ तशीच असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कारण इतरांच्या वेळी पाठीकडे बघतंय कोण?

संदीपनं मोठे शब्द टाकून दिले. शौकतभाईंनी आधी खुर्ची बदलून पाहिली, ती डगमगत असेल म्हणून. मग मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, बदलला. पुष्पाताईंनी मला विचारलं, “सासूवरची कविता वाचली त्याचा राग आला असेल का हो?” जाधव सरांनी तर वृत्तच सोडलं. आयुष्यभराचं वृत्त. दर महिन्याला ते नव्या तऱ्हेची कविता आणायचे, पाठीला वाचून दाखवायचे आणि पाठ काही वळत नाही हे बघून मिशी चावत घरी जायचे. वडूजकडून येणारे दोघं कवी रुसून यायचेच बंद झाले.

आणि मी. मला तर कारण ठाऊक होतं. काचेची खोली मी बघितली होती. तरी माझ्या पाळीला, वाचता वाचता, समोरची ती पाठ बघून माझ्या मनात आलं की आपली कविता कमी पडली असणार. घरी जाऊन मी दोन कडवी खोडली.

पण बाकीच्यांचं बोलणं वाढत चाललं होतं. “हवालदाराला आता गर्व झालाय.” “ज्यानं एक ओळ लिहिली नाही तो आम्हाला पाठ दाखवतो.” चहाच्या टपरीवर हे बोलणं चालायचं आणि मी साखर ढवळत बसायचो. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य माझ्याकडे होतं आणि ते न उच्चारायचा शब्दही मीच दिला होता. मी हवालदारांना सांगायला दोनदा गेलो की लोक चिडलेत, तुम्हाला बाजूला करायचं म्हणतायत. पहिल्यांदा काकींनी पोहे दिले. दुसऱ्यांदा मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हनू द्यात की. कविता कशा हायत हल्ली?”

“सुधारल्यात,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

“मग गप बस.”

तो रविवार हंगामाच्या तोंडावरचा होता. शिवारात उसाला तुरे आले होते. जाधव सर आले तेच ठरवून आलेले दिसत होते. इस्त्रीचा शर्ट, हातात एकच कागद. आपली पाळी आल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी वाचलं,

“उसाला तुरा आला,
शेत पांढरं झालं.
माझ्या डोक्याकडे बघत नातू म्हणाला,
आजोबा, तोडणी कधी?”

माळ्यावर कुणी हललं नाही. सरांनी इतक्या वर्षांत लिहिलेल्यातली ही सगळ्यात चांगली कविता होती आणि ती चारच ओळींची होती. हवालदारांनी आमची तोंडं पाहिली. त्यांचा पंजा हळूहळू वर आला. पण त्यांनी काही म्हणायच्या आत सर म्हणाले, “आज दुसऱ्या कुणाला नाही. आज तुम्ही परत सांगा, हवालदार.”

पंजा तसाच राहिला. हवालदार अजून आमच्याकडेच बघत होते. सर मागून बोलत होते, त्यांना काय कळणार?

“ऐकलं का? तुम्ही! आमच्याकडे पाठ करून बसता ना, मग सांगा ना काय वाचलं मी. एक ओळ सांगा. नाहीतर आजपासून ही खुर्ची इथे नको.”

सरांचा आवाज चढला, वरची पातेली गुणगुणली. सगळ्यांच्या नजरा हवालदारांकडे गेल्या. तेवढ्यावरून त्यांना कळलं की मागे काहीतरी झालं आहे. त्यांनी मान वळवून सरांकडे पाहिलं. सरांचं बोट त्यांच्याकडे होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पहिल्या रांगेत, बरोबर त्यांच्या समोर होतो. मी आवाज न करता ओठ हलवले. उ-सा-ला. तु-रा. आ-ला. इतके सावकाश की लहान मुलालाही वाचता आले असते. त्यांना ते दिसलं. ओळ त्यांच्यापर्यंत गेली, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. आता फक्त म्हणायची होती. म्हटली असती तर खुर्ची राहिली असती, बैठक राहिली असती, गुपितही राहिलं असतं.

ते माझ्याकडे बघून हसले. “काटा मारू नगं रं,” ते म्हणाले. “काट्यावरचा मानूस तू, पन हितं न्हाई.”

मग ते उठले, खुर्चीला वळसा घालून सरांच्या समोर उभे राहिले. “न्हाई पोचली, सर. कवितेचा दोष न्हाई. कविता चांगली हाय, मला ह्यांच्या तोंडावर दिसली. हिकडली लाइन तुटलीया.” आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं दोन्ही कानांना लावली.

खाली शौकतभाईंचा नोकर गिऱ्हाइकाला परात वाजवून दाखवत होता.

सर खाली बसले. कागद गुडघ्यावर. ते पुटपुटले, आणि मग चूक लक्षात येऊन, तोंड वर करून, सावकाश म्हणाले, “म्हणजे... मी वृत्त सोडलं ते?”

“ते मला काय ठावं? वाईट झाली का कविता?”

“नाही,” सर म्हणाले. “बरी झाली.”

“मग झालं की!”

पहिल्यांदा संदीप हसला. मग पुष्पाताई. मग सरही, डोळे पुसत. प्रत्येकजण आपण काय काय बदललं ते सांगायला लागला, आणि हवालदार एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. माझ्याकडेही काही जणांनी पाहिलं. तुला माहीत होतं? मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आजवर नीट जमाखर्च लावता आलेला नाही. शब्द पाळला, हे खरं. तो पाळताना एका माणसाला महिनोन्‌महिने शिव्या खाऊ दिल्या, हेही खरं.

हवालदारांनी पंजा उचलला. सगळे गप्प. “आता ऐका. कुनी वरडायचं न्हाई. माज्या कानाकडं बघून वाचायचं न्हाई. खुर्ची हितंच ऱ्हानार, अशीच. मला हितनं लय दिसतं.”

“काय दिसतं?” मी विचारलं.

“बस कवा तरी हितं,” ते म्हणाले.

खुर्ची राहिली. ते दर महिन्याला येत राहिले. पाय दुखत असला तरी, जिन्यात दोनदा थांबून. पाऊस असला, लग्नसराई असली, माळ्यावर चारच माणसं असली, तरी ते त्या चौघांकडे तोंड करून बसायचे. वडूजचे दोघेही परत आले. एकदा मी म्हणालो, या महिन्यात राहू द्या, अंगात ताप आहे. तर म्हणाले, “डूटी हाय.” पाठीमागे काय वाचलं जातंय ते त्यांना कधीच कळलं नाही. एका शब्दाचीही त्यांना अपेक्षा नव्हती. अशा ठिकाणी माणूस इतक्या नेमानं का येतो, याचा मी तेव्हा पुरेसा विचार केला नाही.

गेल्या हंगामात ते गेले. दोन-तीन दिवसांचं आजारपण. मी काट्यावर होतो, ट्रॉल्यांची रांग लागली होती, फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या महिन्याच्या रविवारी माळ्यावर शोकसभा ठेवली. दोन जिल्ह्यांतले कवी आले. आणि अर्थातच, प्रत्येकानं हवालदारांवर कविता लिहून आणली होती. मीही. काकी पहिल्यांदाच तो जिना चढून आल्या, पुष्पाताईंचा खांदा धरून, आणि मागच्या रांगेत, परातींना टेकून बसल्या. शौकतभाई मला म्हणाले, “तू बस तिथं. कुणीतरी बसायला पायजे.” मी हवालदारांच्या खुर्चीत बसलो. कवीकडे पाठ, ऐकणाऱ्यांकडे तोंड.

संदीपनं सुरुवात केली. मग वडूजचे दोघं. मग शौकतभाई. माझ्या मागे कविता चालू होत्या आणि समोर तोंडं होती. बघता बघता मला दिसलं की सगळ्यांचे ओठ हलतायत. सरांचे, पुष्पाताईंचे, पाहुण्यांचे. बारीक, मिशीच्या आड, पदराच्या आड. प्रत्येकजण आपली कविता मनात म्हणून बघत होता. पाळी जवळ आली की ओठ जोरात हलायचे. वाचून झालेला माणूस खाली बसला की समोर शून्यात बघायचा, आपली कशी झाली याचा विचार करत. मागे जे वाचलं जात होतं ते त्या माळ्यावर कुणीही ऐकत नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं की माझेही ओठ हलतायत.

हे ते बघत होते. त्या खुर्चीत, दर महिन्याला. आणि दर महिन्याला परत येत होते, पंजा उचलत होते, एकेकाला ओढून आणत होते.

मी पंजा उचलला. “थांबा,” मी म्हणालो. “आत्तापर्यंत वाचल्या त्यातली एक ओळ. कुणीही. परत सांगा.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. पुष्पाताई हातातल्या कागदाकडे बघायला लागल्या. मला स्वतःलाही एकही ओळ सांगता आली नसती.

मागच्या रांगेतून काकींचा आवाज आला. “कुनालाच न्हाई व्हय आली?” त्या रागावल्या नव्हत्या. दूधवाल्याबद्दल बोलत होत्या तशाच बोलल्या. “मग ऐकू नक्की कुनाला येत न्हवतं म्हनायचं?”

पातेली गप्प होती. जाधव सर उठले. त्यांनी हातातली कविता घडी केली, खिशात घातली, खिशावरून हात फिरवला. मग आपली खुर्ची उचलून पुढे आणली. त्यांचं बघून पुष्पाताईंनी कागद पर्समध्ये टाकला आणि त्याही पुढे सरकल्या. कागद खिशात जात राहिले, खुर्च्या ओढल्या जात राहिल्या, गुडघ्याला गुडघे लागले. काकींना सगळ्यांत पुढे घेतलं.

“पहिल्यापासून,” सर म्हणाले.

“वेळ होईल,” कुणीतरी म्हणालं.

“होऊ दे.”

माझ्या मागे कुणीतरी उभं राहिलं आणि वाचायला लागलं. कोण, ते मी वळून पाहिलं नाही. मी समोर बघत होतो. एकही ओठ हलत नव्हता.